कुणाकुणाला विचारलं

दर शनिवारी सकाळी ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरच्या वाचनालयात एव्दोकीयाबाई पाचसहा मुलांना इतिहास शिकवत. निवृत्तीनंतरही शिकवल्यावाचून त्यांना करमत नसे. खिडकीखाली बंदर होतं, आणि मुलं तीळ लावलेले गोल पाव चघळत बसलेली असत.

त्या शनिवारी बाईंनी फळ्यावर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलं. चारच ओळी होत्या. समुद्रतळाचे स्पंज काढणारी होडी बुडाली, चौघे गेले, सुकाणूवाला झोपला होता. तो सुकाणूवाला पोथितोस, बाईंचा धाकटा भाऊ; गेलेल्या चौघांतला एक. वर्षभर त्या संपादकांना पत्रं लिहीत होत्या. उत्तर एकच यायचं: माहिती होडीच्या मालकानं दिलेली आहे.

बाईंनी आवाज न चढवता समजावलं. आपल्या जुन्या इतिहासकारांपैकी एक बंदरभर हिंडला असता, लोक म्हणतात ते सगळं त्यानं लिहिलं असतं, आणि जे पटलं नाही तेही पटलं नाही असं सांगून. दुसरा कडक. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यालाच गाठणारा, चार तोंडचं ताडून बघणारा. आणि या बातमीवाल्यानं एक फोन केला नि जेवायला गेला.

"मग त्याला नापास करा, बाई," एकजण म्हणाला.

"तो पास झाला, बाळा. बढतीसुद्धा मिळाली असेल."

हीच बातमी लिहून आणा, बाईंनी सांगितलं, आणि खाली कुणाकुणाला विचारलं त्यांची नावं.

पुढच्या शनिवारी बहुतेकांनी आजोबांच्या गप्पा उतरवून आणल्या. दहा वर्षांची फानी म्हणाली, तिनं कडकवाल्यासारखं लिहिलंय.

ती वाचू लागली. सुकाणू अडकत होतं. पोथितोसनं मालकाला दोनदा सांगितलं होतं. मालक म्हणाला, एवढी खेप मार. पोथितोस जागा होता. शेवटी तो दोकी, दोकी अशी हाक मारत होता. दोकी कोण ते समजलं नाही.

बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांना दोकी म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"ज्यांनी पाहिलं त्यांनीच. नावं आहेत खाली."

पहिली चार नावं होती. बुडालेल्या चौघांची. वहीचं पान ओलसर लागत होतं.

पाचवं नाव वार्सामीसचं होतं, होडीच्या मालकाचं.

बाईंच्या मनानं उचल खाल्ली. तो कबूल झाला असेल तर भावाचं नाव धुऊन निघणार होतं.

"हा कधी भेटला तुला? तासापूर्वी तर तो नवी होडी घेऊन बाहेर पडला."

"आत्ताच, बाई. मी जिना चढत होते. चौघांच्या मागे उभा होता."

"मग? काय म्हणाला?"

फानीनं वही मिटली.

"बोलायला बघत होता. पण तोंडातून नुसतं पाणीच येत होतं."