एका बोटाचं अंतर

“उचलू नका! अहो… उचलू नका म्हणते ना!”

मी ओरडत उतारावरून धावले, पण उशीर झाला होता. मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या त्या उंच, सडपातळ माणसाने आपल्या बुटाला येऊन टेकलेला माझा पोलादी गोळा उचललाही होता. वर रुमालाने पुसतही होता!

“हा तुमचा?” त्याने हसून विचारलं.

“होता,” मी धापा टाकत म्हणाले. “चालू डावातला गोळा परक्याने उचलला की बाद. जिंकत होतो आम्ही.”

त्याचं हसू मावळलं. “मग… परत तिथेच ठेवू?”

मागून दलेंदा खो-खो हसली. दलेंदा माझी मैत्रीण. सार्डिनच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच सरकत्या पट्ट्याशी उभ्या राहून मासे डब्यात भरतो, आणि सुट्टीचा भोंगा झाला की एकाच संघात बूल खेळतो. आधी लाकडी गोटी टाकायची, मग ज्याचा पोलादी गोळा तिच्या सगळ्यात जवळ, त्याचा डाव. “ठेवा की,” ती म्हणाली, “आणि वाऱ्यालाही सांगा, मघासारखाच वाहा म्हणावं!”

तो नौफेल. समुद्रापासून दूर, आतल्या कैरुआन शहरातून आला होता. आमच्या नगरपालिकेतला बागा आणि खेळाच्या मैदानांचा नवा अधिकारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा आला. हातात खजूर भरलेल्या मक्रूदचा डबा.

“गोळ्याची भरपाई,” म्हणाला.

“गोडावर भागवताय?”

“कैरुआनच्या माणसाकडे दुसरं आहे काय? समुद्र तुमच्याकडे, वारा तुमच्याकडे… गोळेसुद्धा तुमच्याकडे.”

मन्नूबिया मावशीने डबा लगेच ताब्यात घेतला. ती आमच्यातली सगळ्यात मोठी, लाकडी गोटीच्या अगदी कुशीत गोळा नेऊन ठेवणारी. मी ठोकणारी. समोरच्याचा गोळा गोटीजवळ बसला की त्याला उडवायचं काम माझं. हात सुगंधी साबणाने धुतले तरी आम्हाला सार्डिनचा वास यायचाच, आणि आम्ही तो मिरवायचो. रास झैतून गावच्या बायका आहोत आम्ही, गुलाबपाण्याच्या बाटलीतून नाही निघालो!

नौफेल रोज येऊ लागला. म्हणायचा, मैदानांची पाहणी आहे. पाहणी करता करता खेळूही लागला… आणि इतका वाईट खेळायचा की बाजारातली मांजरंसुद्धा त्याच्या पाळीला बाजूला सरकत.

“मनगट सैल सोडा,” मी सांगायची.

“सोडलं.”

“हे सैल? मग घट्ट करता तेव्हा काय करता?”

“तुम्ही बघत असलात की सैल राहत नाही,” तो गोळ्याकडे बघत म्हणाला. अगदी हळू. दलेंदाला ऐकू गेलं नसावं… पण माझ्या कानांना तेव्हापासून त्याच्या आवाजाची सवय लागली.

एकदा त्याने विचारलं, “तुम्ही इथे का खेळता? उतार, खडी, वरून माशांच्या पेट्या वाहणारे. बंदराच्या बागेत सपाट मैदान आहे. फायकसच्या झाडाची केवढी सावली आहे.”

“ते पुरुषांचं आहे.”

“असं कुठे लिहिलंय?”

“लिहायला कशाला लागतं? माझे शाझली काका तिथे तरुणपणापासून बसलेत. त्यांना बघितलं की कळतं.”

तो हसला नाही. आणि पुढच्या मंगळवारी बागेच्या फाटकावर पाटी लागली. मंगळवारी आणि गुरुवारी मैदान महिलांसाठी राखीव!

कारखान्यात टाळ्या पडल्या. दलेंदाने मला मिठी मारली. मी मात्र मधल्या सुट्टीत बागेत गेले, पाटी काढली आणि काखोटीला मारून थेट नगरपालिकेत. तो टेबलाशी बसला होता. मी पाटी त्याच्यासमोर ठेवली.

“हे काय?” तो उठून उभा राहिला.

“तेच विचारायला आलेय.”

“तुमचा हक्कच आहे तो, ओल्फा. बाग सगळ्यांची आहे.”

“मग माझी ओळख व्हायच्या आधी का नाही लावलीत?”

खिडकीतून समुद्राचा वारा आत येत होता, आणि टेबलावरचे कागद फडफडत होते.

“उद्या सगळं गाव म्हणेल, ओल्फाने डोळे मोडले आणि मैदान मिळवलं,” मी म्हणाले. माझा आवाज कापत होता, म्हणून तो आणखी चढवला. “मन्नूबिया मावशी तीस वर्षं या गावचे मासे भरतेय. तिला कुणाच्या मेहेरबानीची सावली नको. आम्ही घेऊ ती खेळून घेऊ.”

“मी मेहेरबानी म्हणून…” तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, “थोडी तुमच्यासाठीच लावली होती. खोटं नाही बोलत.”

त्या क्षणी रागावून राहणं किती अवघड गेलं म्हणून सांगू! पण राहिले. पाठ फिरवली आणि निघाले. जिना उतरताना मात्र ओठ हसतच होते, त्यांना माझी परवानगी लागली नाही.

संध्याकाळी मी फायकसखाली शाझली काकांसमोर जाऊन उभी राहिले. काका आपल्या उशीवर बसले होते, भोवती त्यांची मंडळी, हातात पुदिन्याचा चहा.

“काका, रविवारी सामना. तुमचे तिघे, आमच्या तिघी. आम्ही जिंकलो तर निम्मा आठवडा मैदान आमचं.”

“आणि हरलात तर?”

“तर पुन्हा मैदान मागणार नाही.”

म्हाताऱ्यांमध्ये खसखस पिकली. काकांनी मिशीवरून हात फिरवला. “पंच कोण?”

गावातला प्रत्येक माणूस कुणाचा तरी चुलतभाऊ नाहीतर जावई. सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच दिशेला वळल्या. नौफेल बाकाला रंग देणाऱ्यांबरोबर उभा होता.

“हे बरंय,” काका कपाळाला हात लावत म्हणाले. “गावात एकच परका आहे, आणि तोही आता अर्धाच उरलाय!”

सगळे हसले. माझे गाल तापले. पण काकांनी त्याला हाक मारून विचारलं, “काय रे कैरुआनवाल्या, खरं मोजशील?”

“मोजीन,” तो एवढंच म्हणाला.

रविवारी सगळं रास झैतून बागेत लोटलं. कारखान्यातल्या बायका मुलाबाळांसकट. भिंतीवर मासेमारांची पोरं, झाडाखाली आजोबा, सूर्यफुलाच्या बिया सोलण्याचा एकच कडकडाट. वाऱ्यावर भाजलेल्या माशांचा खमंग वास येत होता.

काय खेळलो आम्ही! मन्नूबिया मावशीचा हात असा चालत होता की गोळे जणू तिचं ऐकून जागा घेत होते. दलेंदाने एकदा काकांच्या जोडीदाराला डोळा मारला आणि त्या बिचाऱ्याचा गोळा थेट गुलाबाच्या वाफ्यात! मी ठोकलेल्या प्रत्येक गोळ्याला भिंतीवरून आरोळी उठत होती. पण काका काकाच होते. बघता बघता बारा-बारा झाले. तेराला सामना संपणार.

शेवटचा डाव. काकांचा गोळा गोटीजवळ बसलेला. आमच्याकडे एकच गोळा, माझ्या हातात.

मी नौफेलकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मनगट सैल राहिलं नसतं, हे मला आता कळत होतं… मी श्वास घेतला आणि फेकला.

टण्ण!

काकांचा गोळा उडाला, बाजूच्या दगडी काठावर आदळून परत आला आणि थांबला. माझा गोळा गोटीच्या या बाजूला, काकांचा त्या बाजूला. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच.

बिया सोलणारे हात थांबले. नौफेल गुडघ्यांवर बसला, टेप काढली. मोजलं. पुन्हा मोजलं. टेप झटकली, आणि तिसऱ्यांदा मोजलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. मग तो उभा राहिला. गावाकडे बघितलं त्याने, माझ्याकडे नाही.

“एका बोटाने…” त्याने टेप गुंडाळली. “शाझली काकांचा.”

“आंधळा आहेस काय रे!” दलेंदा किंचाळली. कारखान्याच्या बायकांमध्ये गलका झाला. माझ्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागाचं होतं, हरल्याचं होतं. पण मग मी त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. हा माणूस बोटभर खोटं बोलला असता तर आज अख्खा कारखाना त्याला डोक्यावर घेऊन नाचला असता. त्याला तेवढं खोटं बोलणं जमलं नाही… आणि जमलं असतं तर मला कळल्याशिवाय राहिलं नसतं.

मी पुढे झाले आणि काकांचा हात हातात घेतला. “छान खेळलात, काका.” मान खाली न घालता मी बागेबाहेर पडले. माझ्यामागे मन्नूबिया मावशी, दलेंदा आणि सगळ्या.

मग आम्ही पुन्हा आमच्या उतारावर. नौफेल आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्यामागे मी का जावं? बोलवायला गेले असते तर पायांनी साथ दिली असती, पण मान आडवी येत होती. रोज एक डोळा गोटीवर आणि एक कोपऱ्यावर ठेवून खेळत होते, आणि दलेंदा रोज विचारत होती, “तुझा नेम कशाने चुकतोय गं?”

पण एका संध्याकाळी कोपऱ्यावरून वेगळेच कुणी आले. शाझली काका! काखेत उशी, हातात गोळ्यांची पिशवी.

“तिकडे डुलक्या लागतात,” ते कुरकुरले. “तेच ते म्हातारे, तेच ते खोकणं. सरका जरा.”

दुसऱ्या दिवशी त्यांचा जोडीदार आला. त्याच्यापाठोपाठ आणखी तिघे. खडीवर घसरत, मासेवाल्यांच्या शिव्या खात, मन्नूबिया मावशीकडून हरत, पण येत राहिले. आठवडा उलटेपर्यंत फायकसखाली कावळेच उरले, आणि आमच्या उतारावर पाय ठेवायला जागा नाही!

शेवटी काकांनी कपाळाचा घाम पुसला आणि उशी उचलली. “पुरे झालं. ऊन बाधेल एखाद्याला. चला सगळ्यांनी सावलीत.”

“आम्ही नाही येणार,” मी म्हणाले. “शब्द दिलाय. हरलो तर मैदान मागणार नाही.”

“मग मागितलंस का तू?” काका माझ्यावर खेकसले. “मागत कोण आहे इथे? मी बोलावतोय! आणि मंगळवार-बिंगळवार नाही. रोज.”

मन्नूबिया मावशीने गोळे गोळा केले, पदरासारखी शाल खांद्यावर ओढली आणि एखादी राणी निघावी तशी बागेकडे चालू लागली. तिच्या मागून पुरुष तिची पिशवी घेऊन!

मी मात्र समुद्राच्या कडेने निघाले. आता मान आडवी येईना. नौफेल धक्क्याच्या टोकाला सापडला. खाऱ्या वाऱ्यात टिकतील अशी झाऊची रोपं लावत होता, हात मातीने भरलेले.

“रागावलीस?” मला बघून त्याने विचारलं. पहिल्यांदाच “तू” म्हणाला.

“हो. आला नाहीस म्हणून.”

“मला वाटलं, माझं तोंडही बघायचं नसेल तुला. माफी मागावी म्हटलं तर… कशाची मागू? माप खरंच होतं.”

“मागितली असतीस ना, तर इथूनच परत गेले असते.”

लाट धक्क्यावर आपटली, तिचे तुषार आमच्या दोघांच्याही तोंडावर उडाले.

“तीनदा का मोजलंस?” मी विचारलं.

“दर वेळी वाटत होतं, आता तरी तुझा निघेल. तू जिंकावंस असं त्या बागेत कुणालाच वाटलं नसेल, ओल्फा, इतकं मला…”

“तरीही?”

“तरीही.”

“मला त्या ‘तरीही’चाच अभिमान वाटतो,” मी म्हणाले, आणि एवढं बोलले तर उरलेलंही बोलून टाकलं. “प्रेमही आहे. तुझ्यावर. आता गप्प उभा राहू नकोस, मी माझा गोळा टाकलाय.”

तो हसला, मग डोळे पुसायला हात वर केला आणि कपाळभर माती फासून बसला. “माझं तर त्या पहिल्या दिवसापासूनच… पण तू पाटी टेबलावर ठेवलीस ना, तेव्हा समजलं की ह्या मुलीच्या बरोबरीने उभं राहायला मला खूप ताठ व्हावं लागेल.”

“झालायस,” मी म्हणाले. “शुक्रवारी आई जेवायला कुसकुस रांधते. तुझ्या आईला घेऊन ये. माझं नाव सांगायला तिला लाज वाटायची नाही, याची काळजी मी घेईन.”

“आणि तुला माझं?”

मी त्याचा मातीने भरलेला हात हातात घेतला आणि धक्क्यावरून चालू लागले. मधल्या गल्ल्यांतून नाही, समोरून. जाळी विणणाऱ्यांसमोरून, चहावाल्यांसमोरून, सगळं रास झैतून बघत असताना.

बागेच्या फाटकात दलेंदाने आम्हाला पाहिलं आणि तोंडावर हात धरून लग्नघरातली लांबलचक किलकारी दिली. फायकसखाली एका रांगेत खेळणारे बायका-पुरुष वळून बघू लागले.

“अगं ओल्फा,” मन्नूबिया मावशी ओरडली, “आता तर मैदान आपलं पक्कंच झालं की! मैदानाचा साहेबच घरात आलाय!”

“मैदान आपण आपल्या खेळावर मिळवलंय, मावशी!” मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. “आणि हा… हा मला हरल्यावर मिळालाय.”