जिन्यातलं बिस्किट

दवाखान्याच्या मागच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, ती चोरासारखी उभी राहून बिस्किट तोंडाशी नेत होती. तेवढ्यात वरच्या पायरीवरून आवाज आला—

"एमआरआय चुकवायचाय?"

एक उंच गडी. काखेत तिच्यासारखीच जाडजूड फाइल. शर्टाच्या उघड्या गळ्यातून छातीवरचा उभा व्रण डोकावत होता. तसाच तिच्याही छातीवर होता, लहानपणीच्या ऑपरेशनचा.

"तुम्हाला काय करायचंय?" ती फणकारली. बेकरीत काम करणाऱ्या मुलीच्या खिशात बिस्किट नाही तर काय हातोडा सापडणार?

"काही नाही. युक्ती माझी आहे, म्हणून विचारलं. तपासणी उपाशीपोटी करतात ना, मग आत जाऊन म्हणायचं, 'चुकून खाल्लं हो.' नर्स चिडते, पुढची तारीख देते. कितवी वेळ?"

"...तिसरी."

हृदय ऑपरेशनने सुधारलं, पण त्याचा ताण वर्षानुवर्षं लिव्हरवर पडतो, कधीकधी तिथे कॅन्सर उगवतो, म्हणून तपासत राहायचं— हे तिला तोंडपाठ होतं. सोनोग्राफीत एक ठिपका दिसला होता. तेव्हापासून ती आईसमोर हसायची आणि नळ सोडून रडायची.

"बघितलंच नाही तर नाहीच, असं वाटतं ना?" तो दोन पायऱ्या उतरला. "मलाही वाटायचं. माझा ठिपका कॅन्सरचा निघाला. नशीब, बारका होता. सुई घालून जाळला, दोन वर्षं झाली. आणखी चारदा तारीख चुकवली असती तर..." त्याने बोट छताकडे नेलं. "आणि मी लिफ्ट दुरुस्त करतो. माणसं वर पोचवायची, आपण जायचं नाही."

नको नको म्हणताना तिला हसू फुटलं. तिने बिस्किट त्याच्या तळहातावर ठेवलं. "मग तुम्हीच संपवा."

"मीही उपाशी आहे, बाई. आजच नंबर आहे माझा."

एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर दोन पोटं गुरगुरत बसली. तिचा नंबर पुकारला, तेव्हा त्याने फक्त तिची फाइल धरली... आणि तिला उगाच हात धरल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट. तो कामावरून तसाच आलेला, नखांत ग्रीस; दाराबाहेर थांबला.

"साधी गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी दाखवा."

बाहेर येताच तिने भिंत धरली.

"काय म्हणाल्या?" त्याचा चेहरा पांढराफटक.

"तुमचा रिपोर्ट?"

"कालच आला, चांगलाय. तुमचं बोला आधी."

"काही नाही निघालं."

एवढा बोलघेवडा गडी, पण नखांतलं ग्रीस खरवडत अडखळला. "मी... म्हणजे, आपल्यासारख्याने कोणाला लग्नाचं विचारावं का... उद्याचा भरवसा नाही, अन्—"

"तो कोणाला असतो? थांब, आईला कळवू दे."

फोनवर आई रडली, हसली, पुन्हा रडली. मग विचारलं, "एकटीच आहेस का गं तिथे?"

"नाही. एकजण आहे." तिने फोन कानाशी तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. "हं, आता विचार. आई ऐकतेय."