मुडपलेली बोटं

टप्प!... दाराआड काहीतरी पडलं, आणि मशीन थांबल्यावर खोलीत साचलेली दुपारची शांतता एकदम तडकली. तिने दोरा दातांत धरूनच मान वळवली. शाळेतून येऊन चांगला अर्धा तास झाला होता, तरी पोरगी खाऊ मागायला आली नव्हती, की दप्तर भिरकावल्याचा आवाज झाला नव्हता. एरवी घरभर गिरक्या घेत फिरायची म्हणून तर सगळे तिला भिंगरी म्हणत! पण गेला महिनाभर ही भिंगरी भिंतीला धरून चालत होती, आणि विचारलं की ठरलेलं उत्तर... "काही नाही. खेळताना मुरगळला."

ती उठली आणि तिने हलकेच दार ओढलं.

भिंगरी फरशीवर बसली होती. एक बूट हातातून निसटून पडला होता, आणि पाय मांडीवर घेऊन ती मोजा सोलत होती... हो, सोलतच होती, कारण अंगठ्याशी तो वाळलेल्या रक्ताने चिकटून बसला होता! सहा वर्षांचा तो एवढासा जीव, ओठ दातांखाली घट्ट धरलेला, डोळे काठोकाठ भरलेले, आणि तोंडातून हूं की चूं नाही!

"अगं बाई गं!..." तिने तिथेच बसकण मारली. "हे काय झालं? कधीपासून? मला सांगितलं का नाहीस?"

पोरीने झटकन पाय फ्रॉकखाली ओढून घेतले. "दुखत नाही मला."

"दुखत नाही कसं? बघू दे."

"नाही दुखत म्हटलं ना! बसतात मला बूट. बरोब्बर बसतात!"

तिला काही उमगेना. दर महिन्याला ती न चुकता या पोरीपुढे बसून बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघायची, आणि दर महिन्याला तिथे अंगठाभर जागा लागायची! गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश तिच्या मशीनवर शिवले जात. कुणाचा डावा खांदा अर्ध्या बोटाने उतरता आहे हे ती नुसत्या नजरेने सांगायची. सगळे तिला शिवणवालीच म्हणत. आणि त्या शिवणवालीला आपल्याच घरातल्या लेकराचा पाय कळू नये?

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू, सुनेचा गाऊन न्यायला म्हणून, चपला वाजवत आत आल्या. त्यांनी मोजा पाहिला, पाय पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"अरे देवा! जगाची पोरं नटवायची आणि घरच्या पोरीची ही दशा? आत्या होती तोवर या पायाला खडासुद्धा टोचला नाही हो... असो. आम्ही कोण बोलणाऱ्या! गाऊन झालाय का?"

"झालाय, काकू. खुंटीवर आहे."

"काजं नीट केलीयस ना? मागच्या वेळी बटण जाता जाईना." आणि गाऊन काखेत मारून त्या गेल्या... आता संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचणार, हे तिला न सांगता कळलं.

सावत्र!... तो शब्द काकूंनी उच्चारला नव्हता, पण तो खोलीतच राहिला, गाऊनच्या रिकाम्या खुंटीसारखा.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा भिंगरी पाच वर्षांची होती. जन्मदात्री आई तिला पाळण्यात टाकूनच देवाघरी गेलेली; तिला अंगाखांद्यावर वाढवलं ते आत्याने, नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने. आत्याने स्वतःचं लग्न केलं नाही, संसार मांडला नाही. दिवसा बुटांच्या दुकानात नोकरी आणि उरलेला सारा वेळ ही पोर! आणि मग घरात नवी नवरी आल्यावर चौथ्याच महिन्यात आत्याने आपली ट्रंक भरली आणि दुकानाजवळ खोली घेऊन ती निघून गेली. का, ते सांगितलं नाही. लोकांनी आपापलं उत्तर शोधलं... नवीन आली आणि जुनीला हुसकावलं! नवराही तेव्हा काही बोलला नव्हता, पण त्याचं ते न बोलणं तिने वर्षभर उशाशी घेऊन झोपत काढलं होतं.

आणि भिंगरी? भिंगरी तिच्याशी वाईट वागत नसे. हाक मारायची वेळ आली की "ऐक ना" म्हणे, "अगं" म्हणे... कधी नुसतीच ओढणीचं टोक ओढी. पण आई? नाही. तो शब्द त्या कोवळ्या ओठांवर येईल म्हणून ही वेडी रोज वाट पाहायची, रोज स्वतःला समजवायची, की घाई करू नये, फूल ओढून उमलत नाही...

संध्याकाळी नवरा छापखान्यातून आला. शाईचे हात तसेच ठेवून त्याने लेकीचे पाय ओंजळीत घेतले. नखं काळीनिळी, बोटांचे सांधे सोललेले, करंगळीखाली फोड. एकेक बोट त्याने अलगद उचलून पाहिलं. मग मान वर न करताच म्हणाला, "तुला एवढंसुद्धा दिसलं नाही?"

बस्स, एवढंच! पण त्या चार शब्दांनी तिचं अंतःकरण चिरून गेलं. तिला सांगता आलं असतं, की अहो, दर महिन्याला मी दाबून पाहत होते... तिने सांगितलं नाही. कोमट पाण्याचं घमेलं आणून त्याच्यापुढे ठेवलं आणि ती मान खाली घालून उभी राहिली.

"बाबा, तिला नका ना बोलू!" भिंगरीला एकाएकी हुंदका फुटला. "तिने दाबलं ना... की मीच बोटं आत मुडपायची! म्हणून तिला जागा लागायची!"

नवऱ्याने चटकन मान वर केली.

"पण का गं राणी?" तिने गुडघ्यांवर बसत विचारलं. "नवे आणले नसते का आपण?"

"नवे नकोत! आत्या म्हणाली होती... जाताना म्हणाली होती... हे बूट लहान व्हायच्या आत मी येते तुझ्याकडे. आणि ती आलीच नाही... मग बूट लहान झाले असते तर ती कध्धी आली नसती ना!"

घमेल्यातलं पाणी हलत होतं तेवढंच. 

वर्षभर!... वर्षभर हे लेकरू आपली वाढ आपल्याच पायांत कोंडून धरत होतं! क्षणभर, खोटं कशाला सांगा, तिच्या मनात एक कडवट कळ उठली. मी केलेली वेणी सैल म्हणून तीनदा सोडायला लावणारी ही पोर, आत्यासाठी रक्त निघालं तरी गप्प बसली! पण ती कळ आली तशीच विरली, आणि तिच्या जागी अपार करुणा दाटून आली. एवढं प्रेम करणारं मन आपल्या घरात आहे आणि आपण त्याच्याकडे फक्त एक हाक मागत बसलो... तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी तिने जुन्या गोधडीचा मऊ तुकडा कापला, पुढे ऐसपैस माया ठेवली आणि पोरीसाठी कापडी सपाता शिवल्या. नवरा दारात येऊन उभा राहिला. "मघाशी मी..." एवढंच म्हणाला.

"असू द्या. उद्या दुपारी मी हिला ताईंकडे घेऊन जातेय."

"ती यायची नाही. मी दोनदा निरोप धाडला होता."

"निरोपाला पाय नसतात," ती म्हणाली. "मी जाते."

लहान मुलांच्या बुटांचं ते दुकान अरुंद पण खोल होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, मधे बुटके बाक, आणि फरशीला टेकवलेला असा आरसा, की त्यात मुलांना फक्त आपले पाय दिसावेत. आत्या एका गुबगुबीत मुलापुढे बसून धातूच्या मापपाटीवर त्याचा पाय ठेवत होती.

"दोन नंबर मोठाच द्या हो," त्याचे आजोबा म्हणत होते. "पोरगं वाढतंय. पुढे कापूस कोंबू."

"आजोबा, बूट द्यायचाय की होडी?" आत्या म्हणाली. "कापूस कोंबलेल्या बुटात पाय पोहतो, आणि पोर तोंडावर आपटतं. अंगठाभर जागा पुष्कळ झाली. आणि तू रे, उभा राहा! बसलेल्या पायाचं माप खोटं असतं, उभं राहिलं की पाय पसरतो..."

आणि बोलता बोलता तिची नजर दाराकडे गेली. हातातली पाटी फरशीवर खणकन आपटली.

"आत्या!" भिंगरी जागच्या जागी ओरडली. तिने पिशवीतून ते जुने बूट बाहेर काढले आणि दोन्ही हातांनी उंच धरले. "आत्या, बघ! लहान नाही झाले! अजून बसतात मला!"

आत्याने ते बूट पाहिले. मग कापडी सपातांतून डोकावणाऱ्या, जखमांवर बांधलेल्या पट्ट्या पाहिल्या. बत्तीस वर्षं पोरांच्या पायांशी बसलेल्या त्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"अगं माझे बाई!..." तिने पोरीला कवटाळलं. "काय करून घेतलंस हे! आणि मी... मी मेली काय बोलून गेले! तू रडत होतीस, मला तुझ्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तोंडाला आलं ते बोलले गं! तू धरून बसशील असं मला काय ठाऊक!"

आजोबा नातवाला घेऊन मुकाट्याने दुसऱ्या बाकावर सरकले.

शिवणवालीने ओठ आवळले. येताना वाटेत तिने जे शंभर वेळा घोकलं होतं ते आता बोलायचं होतं.

"ताई, घरी चला. पोर तुमची आहे. मी आड आले, मला कळतंय... मी मशीन घेऊन मागच्या खोलीत राहीन, स्वयंपाकपाणी करीन. ही तुम्हालाच आई म्हणू दे. माझं काही म्हणणं नाही. पण हिची बोटं सरळ होऊ द्या, ताई!"

"वेडी की खुळी तू?" आत्या एवढ्या मोठ्याने म्हणाली, की काउंटरवरच्या मालकांनी चष्मा वर केला. "मी कशासाठी गेले असं वाटलं तुला? रागावून? अगं, तू तिला भरवायला बसलीस की ती ताट उचलून माझ्याकडे यायची. तू आंघोळ घालायला घेतलंस की माझ्या नावाने टाहो. आणि तू हसून बाजूला व्हायचीस, मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडायचीस! मला ऐकू येत नव्हतं? मी तिथे असते तर ती जन्मात तुझी झाली नसती. म्हणून गेले."

"मग परत एकदाही..."

"आले होते. दोनदा. गल्लीच्या तोंडापर्यंत." आत्याने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "दुसऱ्यांदा आले तेव्हा तू हिला शाळेतून आणत होतीस. हिने तुझं बोट धरलं होतं. म्हटलं, जमतंय. मी पुढे झाले तर ते बोट सुटेल... तशीच माघारी फिरले."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने पोर देऊन टाकली होती, दुसरी द्यायला आली होती, आणि दोघींच्या मधे ती पोर कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत उभी होती! शिवणवाली वाकली, आत्याच्या खांद्यावर तिने कपाळ टेकलं, आणि वर्षभराचं सारं साचलेलं तिथे मोकळं झालं.

"पुरे, पुरे! गिऱ्हाईक पळेल माझं," आत्या डोळे पुसत म्हणाली. "लोकांना वाटेल इथे बुटांच्या किमती ऐकून रडतात." आणि तिने मापपाटी उचलून शिवणवालीच्या हातात दिली. "घे. आज माप तू घ्यायचंस."

"मी? ताई, मला येत नाही हो."

"खांदे मोजतेस, कंबर मोजतेस, पाय काय वेगळा? टाच मागे टेकव. आधी एक, मग दुसरा. जो मोठा भरेल त्याचं माप धरायचं."

भिंगरी पाटीवर उभी राहिली. पण बोटं... बोटं सवयीने आत मुडपलेलीच!

तिने जबरदस्ती केली नाही. दोन्ही तळहातांत तो दुखरा पाय धरून ती नुसती थांबली. "आता जागा आहे," ती हळूच म्हणाली. "हवी तेवढी. आत्या आली ना. सोड बरं, राणी."

पोरीने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली. आणि मग एक एक करून, आधी अंगठा, मग त्याच्या शेजारचं, अगदी शेवटी ती बिचारी करंगळी... बोटं उलगडली. सरकपट्टी पुढे पुढे सरकत गेली आणि जुन्या बुटांचं माप चांगलं दोन घरांनी ओलांडून थांबली.

"बघ केवढी मोठी झालीस!" तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

पुढे रुंद, टाचेला घट्ट, आत मऊ अस्तर... आत्याने तीन खोकी उघडली आणि तिसरी जोडी पसंत केली. "जखमा सुकेपर्यंत घरातच घाल, थोडा थोडा वेळ. सुटीच्या दिवशी मी येईन तेव्हा बघेन." मग तिने भावजयीकडे पाहिलं. "येऊ ना गं?"

"विचारता काय, ताई! राहायलाच या. तुमची खाट अजून तशीच आहे. शिवलेले कपडे ठेवते मी तिच्यावर, एवढंच."

"बरं झालं सांगितलंस. आधी तो पसारा आवर," आत्या म्हणाली, आणि आजोबांकडे वळली. "हां, आजोबा! होडी नकोच ना?"

परतताना उन्हं उतरली होती. खोकं काखेत, कापडी सपातांतले पाय सपक सपक वाजवत भिंगरी तिच्या बरोबरीने चालत होती. रस्ता ओलांडताना तिने आपण होऊन हात पुढे केला, आणि ओलांडून झाल्यावरही तो काढून घेतला नाही.  एक शब्द जरी बोललं तर हा हात दचकेल अशी शिवणवालीला भीती वाटली. गल्लीतल्या नळापाशी पोर थांबली. काहीतरी मनात घोळत होतं तिच्या. तिने एकदा आपल्या पायांकडे पाहिलं, एकदा हिच्या चपलेतल्या पायांकडे पाहिलं, आणि मान वर करून, अगदी सहज विचारलं,

"आई, माझ्या देवाघरच्या आईचा पाय केवढा होता गं?"