कुनोच्या कुंडीतले दगड

“आधी तंबू, मग झोपायच्या पिशव्या! आणि एन्नो, ती बादली घरीच ठेव!” मोटारीच्या डिकीत डोकं खुपसून पपा ओरडत होते.

ऑक्टोबरची सुट्टी लागून एक दिवससुद्धा झाला नव्हता. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गहून समुद्रावर जायचं, चार दिवस तंबूत राहायचं, असा जंगी बेत होता. शेजारची तुलाय तर सकाळी आठपासूनच पाठीला पिशवी लावून दारात उभी!

एवढ्यात नऊ वर्षांचा एन्नो आतून किंचाळला, “मेर्ले! कुनो खाली बसलाय! जमिनीवर!”

त्याच्या मोठ्या बहिणीनं, मेर्लेनं, हातातली तंबूच्या खुंट्यांची थैली तशीच घेऊन धूम ठोकली. कुनो म्हणजे तिचा घोयरा, रंग बदलणारा सरडा. येमेनी जातीचा, पोपटी हिरवा, डोक्यावर तुरा. तिच्या बाराव्या वाढदिवसाला दुकानातून आणलेला. घोयरा हा फांदीवरचा प्राणी. तो खाली येऊन बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काचेच्या पेटीत कुनो खरोखरच खाली होता. डोळे मिटलेले.

“झोपलाय तो,” मागून येत पपा म्हणाले.

“सकाळी अकराला?” तुलायनं विचारलं.

“सुट्टी आहे ना! मीसुद्धा झोपलो असतो!”

मेर्लेनं कुनोच्या नोंदींची वही उघडली. चार दिवस एकही रातकिडा खाल्लेला नाही. आठवडाभर काच ओरबाडणं चालू. तुलायनं हलकेच त्याच्या पोटावर बोट फिरवलं.

“अगं, गाठीच गाठी लागतायत! मोज्यात वाटाणे भरावेत तशा!”

“परत आल्यावर बघू,” पपा म्हणाले. “चार दिवसांत सरड्याला काय होतंय? मी पेट्रोल भरून येतो. तयार राहा!”

पपांची गाडी वळली मात्र, तिघांची डोकी एकत्र आली.

“बसनं दहा मिनिटं, प्राण्यांचा दवाखाना,” तुलाय म्हणाली.

“आणि पपा एकटाच निघून गेला तर?” एन्नोला समुद्राची काळजी होती.

मेर्लेनं हातातली थैली वाजवली. “जाईल कसा? खुंट्या आपल्याकडे आहेत!”

फ्रिजवर चिठ्ठी लागली: ‘कुनोला दवाखान्यात नेलंय. खुंट्याही नेल्यात. इकडेच ये.’

डॉक्टर विल्म्सबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी क्ष-किरण चित्र दिव्यासमोर धरलं. पोटभर गोल गोल सावल्या.

“अंडी. चाळीसच्या वर असतील.”

“पण कुनो मुलगा आहे!” मेर्ले म्हणाली. “दुकानदारानं सांगितलंय!”

“नराच्या टाचेवर जन्मापासून बारीक काटा असतो, कोंबड्याच्या पायाला असतो ना, तसा. दाखव बरं कुठाय?”

कुठेच नव्हता.

“आणि लग्नाशिवाय अंडी?” एन्नोचे डोळे विस्फारले.

“कोंबडी काय लग्न करते? नर नसला तरी घालतेच ती अंडी. ही पण तशीच.”

“म्हणजे कुनो नाहीच! कुनिगुंडा!” एन्नो म्हणाला आणि तुलाय फिसकन हसली.

“हिला खणायला ओली वाळू लागते, निदान माती,” डॉक्टर पुढे म्हणाल्या. “तिथं खड्डा करून ती अंडी घालते. जागा मिळाली नाही की अंडी आतच अडकतात आणि सडतात. हिनं खणायचा प्रयत्न केला असणार. तुम्हाला दिसला नाही?”

मेर्लेला तो दिसला होता! तीन आठवड्यांपूर्वी पेटीचं दार उघडं असताना कुनोनं पेटीतल्या कुंडीची माती उकरून पांढऱ्या गालिच्यावर उडवली होती. पपा भडकले होते, “ती कुंडी बंद कर, नाहीतर बाहेर फेकतो!” मग मेर्लेनंच उन्हाळ्यात समुद्रावरून आणलेले गोल दगड मातीवर मांडले. एकाला एक लावून, जराही फट न ठेवता. वर सगळ्यांना बोलावून दाखवलंही, बघा किती छान दिसतंय!

“माती होती,” ती कसंबसं म्हणाली. “मी तिच्यावर दगड ठेवले.”

‘असू दे’ असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. “ऑपरेशन आजच करावं लागेल,” एवढंच म्हणाल्या. “वाचेलच असं मी सांगणार नाही.”

पपा धापा टाकत आले ते ओरडायच्या तयारीतच! पण ते चित्र बघून त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर निमूट सही केली. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. सेहेचाळीस अंडी निघाली होती, निम्मी सडलेली. कुनो जिवंत होती. नाव तेच राहिलं, फक्त आता ‘तो’ची ‘ती’ झाली. तंबू डिकीतच राहिला.

“त्या दुकानदाराला सोडायचं नाही!” सोमवारी तुलाय म्हणाली.

ल्युबेनसाहेबांच्या दुकानात सुट्टीची गर्दी होती. काचेमागे चार पिल्लं, वर पाटी: ‘सगळे नर! खात्रीचे!’

“ल्युबेनसाहेब,” तुलायनं अगदी साळसूद आवाजात विचारलं, “नर ओळखायचा कसा हो?”

“टाचेवरच्या काट्यावरून! शेंबड्या पोरालाही कळेल!” ते ऐटीत म्हणाले.

“आमच्याकडे आहे एक! एन्नो, बघ रे!”

एन्नोनं खिशातून भिंग काढलं. “एक... आहे. दोन... नाही! तीन... नाही! चार... हिलाही नाही!”

“घाईत... होतं कधीकधी,” ल्युबेनसाहेब कानापर्यंत लाल झाले.

“तुम्ही मलाही असाच ‘नर’ दिलाय!” मागून एक बाई पुढे आल्या. “दोन दिवस झाले, नुसता जमीन उकरतोय. मी ओरडते त्याला!”

“ओरडू नका!” मेर्ले एवढ्या जोरात म्हणाली की सगळे दचकले. “ओली वाळू द्या तिला. खोल बादलीभर. आजच! आत्ता!”

एन्नोनं घरी पळत जाऊन बादली आणली. समुद्रावर न गेलेली तीच. बाई ती घेऊन निघाल्या आणि ल्युबेननी सगळ्यांदेखत पाटी उतरवली.

इथपर्यंत सगळं झकास. पण घरी काय चाललं होतं?

औषध सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे. कुनोला मुठीत धरायचं, जबडा अलगद उघडायचा, पिचकारीनं थेंब सोडायचे. हे काम मेर्लेनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. घोयऱ्याला मुळात कुणी धरलेलं खपत नाही, त्यात पोटावर टाके! पहिल्या दिवशी कुनो नुसती पडून होती. दुसऱ्या दिवशी मेर्लेचा हात आत जाताच ती तपकिरी झाली, मग भीतीनं काळी कुळकुळीत. तोंड वासून फुसफुसली.

पाचव्या दिवशी एन्नोच्या चिमट्यातला रातकिडा तिनं सप्पकन जिभेनं टिपला. तुलायच्या हातूनही खाल्ला. मेर्ले मात्र नुसती खोलीत आली तरी कुनो काळी!

“तिला कळत नाही का, मी तिला बरं करतेय?” मेर्लेनं फोनवर डॉक्टरांना विचारलं.

“नाही कळत. तिला फक्त कळतं की हा हात आला की दुखतं. कदाचित विसरेल, कदाचित नाही. औषध थांबवू नकोस.”

मेर्लेनं एकही वेळ चुकवली नाही.

सुट्टीचा शेवटचा रविवार उजाडला. औषध आदल्याच दिवशी संपलं होतं. दुकानातल्या बाई बादली परत द्यायला आल्या, सोबत प्लमचा केक. “अडतीस अंडी घातली वाळूत! ठणठणीत आहे! केवढी हुशार मुलं तुमची!”

“मेर्लेनंच वाचवलं दोघींना,” पपा म्हणाले. “मी तर समुद्रावर निघालो होतो! चला, कुनोला बघू या!”

“तुम्ही जा,” मेर्ले म्हणाली. “एन्नो खाऊ घालेल.”

ती खोलीबाहेर दाराआड उभी राहिली. फटीतून तिला सगळं दिसत होतं. कुंडीतले दगड तिनं कधीच काढून टाकले होते. कुनो वरच्या फांदीवर होती, पोपटी हिरवी. पपांनी पेटीत बोट घातलं. कुनोनं एक डोळा फिरवून ते पाहिलं आणि हिरवीच राहिली.

“मेर्ले, ये ना आत! तुझ्यामुळेच तर जगलीय ती!”

सगळे वळून दाराकडे बघायला लागले. मेर्लेनं एक पाऊल आत टाकलं. कुनोच्या पाठीवर तपकिरी पट्टे उमटले, बघता बघता ती काळी पडली.

“अगं बाई, हिला काय झालं?” बाईंनी विचारलं.

पपांचा चेहरा उतरला. “मेर्ले... दगड ठेवायला मीच लावले होते,” ते हळूच म्हणाले.

“हो. पण ते तिला थोडंच माहीत आहे?” मेर्ले म्हणाली.

ती मागे सरली आणि दार तिनं हळूच ओढून घेतलं. थोड्या वेळानं आतून एन्नोचा आवाज आला, “झाली! झाली! परत हिरवी झाली!”