दोनशे बारा वळ्या

अंटार्क्टिकाच्या कडेला संशोधन जहाज उभं होतं. स्वयंचलित पाणबुडी तरंगत्या बर्फाखाली जाऊन परतली होती, आणि तिनं आणलेला ध्वनिनकाशा शर्वाणी नाखवा पडद्यावर पाहत होती. समुद्रतळाच्या गाळावर एकामागे एक दोनशे बारा वळ्या होत्या. ओल्या रेतीवर केरसुणी ओढावी तशा.

"हिमनदीचं टोक तळावर टेकतं, गाळ दाबतं, मागे हटतं. एक वळी, एक वर्ष," मोहीमप्रमुख डॉ. सरनोबत म्हणाले. "म्हणजे पूर्वी तिला अडवणारा हा तळाचा उंबरा सोडायला तिला दोनशे बारा वर्षं लागली. आताचा सोडायलाही तेवढीच लागतील. किनारे निश्चिंत. अहवालावर कर सही."

शर्वाणीची तीन वर्षांची जुई रेवदंड्याला, समुद्रापासून शंभर पावलांवर राहत होती. ती झाल्यापासून शर्वाणी प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची.

"सर, वळ्यांची उंची बघा. चौदा-चौदांच्या गटानं चढते, उतरते. वर्षं अशी नाही वागत. हे उधाण आणि भांग आहे, पंधरवड्यातली मोठी भरती आणि छोटी भरती."

"शेवटी कोळ्याचीच लेक तू."

"आहेच. इथं दिवसाला एकच भरती येते. भरतीनं बर्फ उचलायचा, ओहोटीनं टेकवायचा. एका दिवसाची एक वळी. दोनशे बारा दिवस, सर."

सरनोबतांनी पडद्यावर बोट ठेवून दोन गट मोजले. मग म्हणाले, "असेल. पण ही दहा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट."

"ते गाळ सांगेल. बर्फ सुटला की वर चिखल साचतो, शतकात बोटाच्या जाडीएवढा. दहा हजार वर्षांचा माणूसभर हवा."

वळ्यांवर नळी खुपसून आणलेल्या चार गाळकांड्यांपैकी एक तिनं उभी चिरली. वरच्या टोकापासूनच बर्फानं दाबलेली कठीण खडी होती. चिखल नखभरही नव्हता.

"वर आणताना धुपला असेल," सरनोबत म्हणाले.

"चारही कांड्यांचा?"

उरलेल्या तीनही त्यांनी स्वतः चिरल्या. मग हात न पुसताच खुर्चीत बसले.

"वळ्या या वर्षीच्या आहेत," ते हळू म्हणाले. "वरून बर्फ जागेवर दिसतोय आणि खालून सुटलाय. जमिनीवरचा बर्फ आता अडणार कशाला? तो समुद्रात उतरला की पाणी चढलंच, वितळायचीही गरज नाही."

ते मुख्यालयाला संदेश लिहू लागले. शर्वाणीनं उपग्रह फोनवर नवऱ्याला गाठलं.

"हर्षद, जुईला घेऊन घाटावर जा. आजच."

"आज? पाणी तर शांत आहे गं. बरं, रजा किती दिवसांची टाकू?"

"रजा नको टाकूस," ती म्हणाली. "बालवाडीतून तिचा दाखला काढ."