चौदावी फरशी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आणि ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्या आमच्या आतोबांचा तर माणसांवरही नव्हता. तरीही यातला शब्दन् शब्द खरा आहे.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. वीजही गेलेली नव्हती.

रविवार होता. सकाळचे सव्वाअकरा. घरभर स्वच्छ उजेड पडला होता.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून त्यांचं ठाम मत झालं होतं, की जगात नीट दिसतं ते फक्त आपल्यालाच. त्यात कॅमेऱ्याचा नाद. मग काय विचारता!

दर रविवारी फर्निचरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा हौशी फोटोग्राफरांचा ग्रुप जमायचा. दहा-अकरा डोकी. प्रत्येकाने आठवड्यातला एक फोटो पडद्यावर दाखवायचा आणि बाकीच्यांनी त्याची सालटी काढायची. दातांचे डॉक्टर फुलं काढायचे, तीही इतक्या जवळून की फूल आहे की हिरडी ते कळू नये. विम्याचे एजंट पक्षी काढायचे. पक्षी कायम पाठमोरा. बँकेतून निवृत्त झालेले साहेब दर आठवड्याला तोच सूर्य त्याच तळ्यात बुडवायचे. फोटोत काय आहे, याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. अ‍ॅपर्चर किती, शटर किती, लेन्स कुठली, एवढ्यावर दोन तास वाद. आणि वर स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायचे!

आतोबांच्या हातात पडद्याचा जुना रॉड असायचा. तो फोटोवर टेकवून ते निकाल द्यायचे.

"फोकस कुठाय?"

समोरच्याचं तोंड एवढंसं झालं, की त्यांचा रविवार सार्थकी लागायचा.

अशा या दरबारात टायपिस्टबाई आल्या.

सरकारी कचेरीत टायपिंग करणाऱ्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. घरी त्या आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई, दोघीच. आईचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी "जितके दिवस आहेत तितके" असं सांगून हात झटकले होते. आणि आईचा एकटीचा एकही धड फोटो घरात नव्हता. म्हणून बाईंनी कॅमेरा घेतला होता. त्यांना ना पक्षी हवे होते, ना सूर्य. आईचे नाक-डोळे ओळखू येतील असा एक फोटो हवा होता. बस्स.

पहिल्या रविवारी त्यांनी फोटो दाखवला.

लांबलचक पॅसेज. खाली फूटभर लांबी-रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या फरश्या. पार टोकाला खिडकी, खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत आई. बाई कॅमेरा घेऊन अलीकडच्या दारात उभ्या. दारापासून मोजलं, तर आईची खुर्ची बरोबर चौदाव्या फरशीवर.

आई पूर्ण धूसर. चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट डाग.

पण चौथी फरशी... लख्ख.

तिच्यावरचा केसाएवढा तडा दिसत होता. कडेला साचलेली धूळसुद्धा.

"बाई," आतोबांनी रॉड टेकवला, "तुम्हाला आईचा फोटो हवाय, का फरशीचा?"

सगळे खो-खो हसले.

"मी आईच्या चेहऱ्यावरच फोकस लावला होता सर. फोकस लागल्याचं पीप वाजलं, मगच बटण दाबलं."

"सगळे हेच म्हणतात."

पुढच्या रविवारी दुसरा फोटो. तोच पॅसेज, तीच खुर्ची.

आई धूसरच. लख्ख होती ती... सातवी फरशी.

आतोबांनी भाषण ठोकलं. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं, की कॅमेऱ्याला वीतभर पट्टाच स्पष्ट दिसतो, अलीकडचं-पलीकडचं सगळं पुसट होतं, मग तो पट्टा कुठे ठेवायचा याची अक्कल माणसाला लागते, वगैरे. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग चाचरत म्हणाल्या, "सर, फोटो काढताना आई म्हणाली, अशी मधेच का येऊन उभी राहिलीस? मी तर दारात होते."

"मोतीबिंदू. दुकानात घेऊन या त्यांना."

विषय संपला. बँकवाल्यांनी सूर्य बुडवायला घेतला.

बाईंनी कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दोन दिवस ठेवून घेतला, तपासला आणि परत दिला. "कॅमेरा ठणठणीत आहे. समोर जे असेल, त्यावरच लावतोय तो फोकस."

बाईंनी हे तिसऱ्या रविवारी ग्रुपमध्ये सांगितलं. कुणी ऐकलं नाही, कारण सगळे नवा फोटो बघण्यात दंग होते.

दहावी फरशी.

"सुधारणा आहे!" बँकवाले म्हणाले. "चार, सात, दहा. हिशेब सरळ आहे. अजून एक-दोन रविवार, की आईपर्यंत पोचलात!"

टाळ्या. खरंच टाळ्या वाजवल्या त्या शहाण्यांनी.

बाई मात्र हसल्या नाहीत. "पण सर, मी काहीच वेगळं करत नाहीये. तीच जागा, तेच बटण. मग हे पुढे... कोण नेतंय?"

सगळ्यांनी पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं.

मग दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "लेन्स कुठली म्हणालात?"

निघताना जिन्यात बाईंनी आतोबांना गाठलं. "मला भीती वाटते सर. आईला दुसऱ्या खोलीत बसवू का?"

"अजिबात नाही! उजेड तिथलाच चांगला आहे. हलवाल, तर खबरदार. पुढच्या रविवारी मी स्वतः येतो. माझा कॅमेरा, माझा स्टँड. एका फटक्यात काढून दाखवतो."

हे वाक्य आतोबांनी मला नंतर तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा खाली बघून.

तर तो रविवार. सव्वाअकरा.

आतोबांनी दारात स्टँड लावला. पॅसेजच्या टोकाला आई बसली होती, धुवट पातळ नेसून, केस नीट विंचरून. फोटो निघणार म्हणून खूश होती बिचारी.

"आई, सर आलेत फोटो काढायला," बाई म्हणाल्या.

"एवढी माणसं कशाला आणलीस गं?"

"दोघंच आहोत आम्ही."

"बरं." आणि आईने पसरलेले पाय... आत ओढून घेतले. समोरून कुणी जवळ आलं, की आपण घेतो तसे.

आतोबांनी आईच्या डोळ्यावर फोकस लावला. पीप. फोटो काढला, मागच्या स्क्रीनवर मोठा करून बघितला.

बारावी फरशी लख्ख. आई धूसर.

त्यांनी स्टँडचे स्क्रू आवळले. दुसरा काढला.

तेरावी.

"स्टँड हलला," ते म्हणाले. स्टँड हलला नव्हता. त्यांनी कॅमेऱ्याचा आपोआप फोकस बंदच करून टाकला. खिशातून टेप काढली, खुर्चीपर्यंत चौदा फूट मोजले आणि लेन्सची रिंग हाताने फिरवून बरोबर चौदावर आणली. मोजताना तेराव्या फरशीवर पाय पडला, तेव्हा ती... थंडगार लागली. बाकीच्या साध्या होत्या. हे त्यांनी तेव्हा मनावर घेतलं नाही. माणसाला इरेला पेटल्यावर पायाखालचं कळत नाही.

ते परत कॅमेऱ्यामागे आले. डोळा लावला.

घरात एकदम आवाज थांबले. खालच्या रस्त्यावरचे, शेजारचे, सगळे. बाईंनाही जाणवलं ते.

आणि कॅमेरा बोलला...

पीप.

हाताने फोकस लावला, की तो कॅमेरा पीप करत नाही. हे आतोबांनीच ग्रुपला शिकवलं होतं. आणि त्यांचं बोट बटणावर नव्हतं.

पण चेहरा दिसत होता! एकेक सुरकुती, भुवईतला एकेक पांढरा केस. आतोबांनी बटण दाबलं.

"जमलं!" ते ओरडले. "बघा बाई, याला म्हणतात फोकस!"

त्यांचा कॅमेरा फोटो थेट मोबाईलवर पाठवतो. त्यांनी तिथल्या तिथे तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'एका फटक्यात.' खरं तर तिसरा फटका होता, पण ते जाऊ दे. ते मोबाईलवर मान घालून उभे होते, तोवर बाई चौदा फरश्या चालून गेल्या होत्या.

"आई?"

मोबाईल टिंग-टिंग वाजायला लागला. अंगठे. टाळ्या. 'क्या बात है सर!' विमावाल्यांनी विचारलं, अ‍ॅपर्चर किती?

"आई... अगं आई!"

टिंग. दातांच्या डॉक्टरांचं: 'डोळे किती जिवंत आहेत!'

आई गेली होती. खुर्चीत ताठ बसून, उघड्या डोळ्यांनी.

डॉक्टर आले, हृदय थांबलं म्हणाले. वय झालं होतं, दुखणं होतंच. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. बाईंनी आतोबांना एका शब्दानेही दोष दिला नाही. तो फोटो मोठा करून घेतला आणि भिंतीवर लावला. दुसरा होता कुठे त्यांच्याकडे?

आतोबांनी मात्र तो रात्रंदिवस बघितला. आणि त्यांना दिसलं ते ग्रुपमधल्या एकाही महाभागाला दिसलं नाही. चष्मेवाल्यालाच दिसावं असं होतं ते.

लांबचं बघताना आपल्या दोन्ही बाहुल्या सरळ असतात. अगदी जवळचं, हातभर अंतरावरचं बघताना त्या नाकाकडे वळतात.

आई चौदा फुटांवरच्या कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर थोडी वर होती. आणि बाहुल्या... आत वळलेल्या.

आतोबांनी ग्रुप सोडला, कॅमेरा कपाटात गेला. ग्रुपचं काही अडलं नाही. रॉड आता बँकवाल्यांच्या हातात आहे.

मी इथेच थांबलो असतो. पण बारा दिवसांपूर्वी मी नवा कॅमेरा घेऊन आत्याकडे गेलो.

दुपारी आत्या खिडकीशी पेपर वाचत होती. मी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून तिच्या चेहऱ्यावर फोकस लावला आणि फोटो काढला. मोठा करून बघितला, तर आत्या धूसर. तिच्या पुढ्यात दोन हातांवर पायपुसणं होतं, त्याचा धागा न् धागा स्पष्ट.

"चुकला वाटतं," मी हसून आतोबांना दाखवला. म्हटलं, आता रॉडशिवायच पाणउतारा होणार.

ते बराच वेळ बघत राहिले.

"पीप वाजलं होतं?"

"हो."

"मग चुकलेला नाही."

ते उठले. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली, बरोबर त्या पायपुसण्यावर ठेवली आणि तिच्यात बसले. आत्याकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून.

"अहो, मधे काय बसलात? मी दिसणार नाही फोटोत!" आत्या म्हणाली.

"नाही दिसलीस तरी चालेल." मग मला म्हणाले, "काढ रे आता."

मी काढला. काढायला नको होता.

त्यात आतोबा लख्ख आले आहेत. साहजिक आहे, पुढे तेच बसले होते. आत्या मागे धूसर, पण हसतेय हे कळतं. मी त्यांच्यापासून बारा फुटांवर होतो. तरी त्यांच्या दोन्ही बाहुल्या... आत वळलेल्या आहेत.

तो फोटो मी कुणालाही दाखवलेला नाही. रोज सकाळी मात्र त्यांना फोन करतो. तब्येत बरी आहे म्हणतात, दुकानातही जातात. माझ्यावर खेकसतातसुद्धा, आणि ते ऐकून मला इतकं बरं वाटतं, की काय सांगू.

आज सकाळी त्यांनी विचारलंच. "तो फोटो कसा आलाय रे?"

"हलला," मी म्हटलं. "पुसून टाकला."



"थापा मारू नकोस," आतोबा म्हणाले. "पीप मी ऐकलं होतं."