हरणाबाईच्या जागंवर बसलेली

पप्पू, मोबाईल खिशात घाल. साईराज, फरशी अजून तापलीया, घोंगडीवर सरक. अंकिता, तू भितीला टेक. लाईट यील तवा यील.

मी लय खोड्या काढल्यात, न्हाई म्हनत न्हाई. पर ही खोडी न्हवं. ही आपल्या तात्याबाची गोष्ट, आन मी सोता त्या गाडीत व्हतो.

ह्याच वर्साची सतरा फेब्रुवारी. मंगळवार, आन अवस. मानसिंग सुभेदार फौजेत आसताना काश्मिरात व्हता, त्यानं आमाला सोळा जनांना गुलमर्ग दावायला नेलं. त्यो धरून सतरा. सकाळी जायचं, सांच्याला खाली यायचं.

वाटंत एका दुकानात कोट आन रबरी बूट भाड्यानं घेतलं. सगळ्यांचं कोट काळं, वर माकडटोपी, नाकापतूर मफलर. बाई कोन, बाप्या कोन, कळंना. तात्याबानं कोट घेतला न्हाई. "जलमभर मेंढरं राखली, आन आता दुसऱ्याचा कोट घालू व्हय," म्हनला. घोंगडी खांद्यावर, हातात काठी. तिथली पोरं पायाला लांब पट्ट्या बांधून डोंगरावरनं घसरत व्हती, ती घसरायची थांबून त्याचं फोटू काढाय लागली.

त्याची बायकू हरणाबाई, तिला फिरायची हौस न्हवती. तिचं एकच काम. पान्याची रिकामी बाटली बरूबर आनलेली. तिची हीर तीन वरसं कोरडी. बर्फाचं पानी न्यायचं आन हिरीत वतायचं, येवढंच. बाटलीत बर्फ कोंबायची, तर भरल्यावानी दिसायची. इरघळला की बुडाला चार बोटं पानी. पुन्हा कोंबायची.

मी मातूर दिसभर चेकाळलो व्हतो. दुपारी मानसिंग गाडीत गिनती कराय लागला, तर मी शिटाखाली दडलो. त्यो सोळा, सोळा म्हनत बर्फात पळाया लागला. समदी हसून बेजार. मानसिंग लय तापला. म्हनला, आबा, आता कुनी हरवलं म्हनून सांगितलं तरी मी आयकनार न्हाई.

त्येच नडलं गड्या.

साडेपाचला गाडी निगायची. वाटंवर बर्फ गोठला की चाक घसरतंय. आंधारून आलं व्हतं. मानसिंगनं टोप्यांवर हात ठेवत गिनती केली. सतरा. बरूबर.

तात्याबा दारात हुबा व्हता, त्यालाबी धरलं. मग त्यो आत आला. हरणाबाई खिडकीला बसली व्हती. त्यानं आपली घोंगडी काढून तिच्या गुडघ्यांवर टाकली आन शेजारी बसला.

गाडी चालू झाली. आन तात्याबा उठला.

म्हनला, "थांबवा. एक मानूस आपलं न्हाई."

समदी माज्याकडं बघून हसली. मानसिंग म्हनला, सतरा हायती, म्या मोजल्यात. फौजेची गिनती हाय.

तात्याबा म्हनला, "आकडा बरूबर हाय. मेंढरू आपलं न्हाई."

आता बगा. हरणाबाईचा डावा गुडघा धा वरसं वाकत न्हाई. कुटंबी बसली तरी पाय पुढं ताठ. आन ही... दोन्ही गुडघं दुमडून बसलेली. शेजारी शेजारी.

मी म्हनलं, "हरणावयनी?"

ती हालली न्हाई. मफलर नाकापतूर. खिडकीच्या काचंवर समद्यांच्या श्वासाची वाफ. तिच्या म्होरची काच... साफ.

कुनी हसंना.

डायवर म्हनला, रस्ता बंद हो जायेगा. मानसिंग म्हनला, खाली जाऊन बगू. तात्याबा खाली उतरला आन काठी आडवी धरून गाडीच्या म्होरं हुबा ऱ्हायला. "घाला अंगावर," म्हनला.

मग दारातनं आत बगून तिला म्हनला, "तू कोन, मी इचारत न्हाई. थंडी वाजती, घोंगडी घे. पर माजं मानूस घेतल्याबिगर ही गाडी हालनार न्हाई."

ती... नुसती बसलेली.

त्यो तिला हुडकाय निगाला, मी त्याच्या मागनं गेलो. भ्या वाटत व्हतं. पर ती शिटाखालची खोडी माजी व्हती ना. मानसिंगनं गाडीचं दार लावलं आन दारातच हुबा ऱ्हायला.

आंधार. पायाखाली कुरकुर. तात्याबा मेंढरं हाकारतो तशी हाळी घालायचा. हर्ऱ्या... मग थांबायचा.

काय न्हाई.

पुन्हा.

मग देवदाराखालनं बारीक आवाज आला. "आवं... भरंना वो."

हरणाबाई. पाय ताठ. हात निळं पडलेलं. बाटली मांडीवर. तिचं डोळं मिटत व्हतं. तात्याबानं तिचं हात आपल्या बंडीत घातलं. मी इचारलं, गाडी निगाली, तुमी आला का न्हाई?

तर म्हनली, "एक बाई आली. म्हनली, तू निवांत भर. तवर मी तुज्या जागंवर बसते."

मी इचारलं, काश्मिरी बोलली?

"न्हाई वो. आपल्या माण तालुक्यातल्या बाईवानीच."

...

आमी तिला उचलून आनली. मानसिंग दारातच. दार उघडलं न्हाई म्हनला, देवाशपत. आत गेलो. खिडकीची जागा रिकामी. घोंगडी तिथंच पडल्याली. मानसिंगनं पुन्हा गिनती केली. सतरा.

घोंगडी वली व्हती. सगळी न्हाई. दोन गुडघ्यांयेवढी, शेजारी शेजारी.

घरी आल्यावर हरणाबाईनं बाटली हिरीत वतली. हिरीनं गिळली, काय झालं न्हाई. घोंगडी मातूर वाळंना. मार्च गेला, एप्रिल गेला. दगूड तापून फुटंल आसलं ऊन, तरी त्या दोन जागा वल्याच, गार. लोक म्हनली जाळा, न्हाईतर नदीत सोडा. हरणाबाई म्हनली, का म्हनून. माज्या जागंवर फुकट बसली व्हय? आता येलाला पानी घालंल. रोज सकाळी पिळती. दारातला दोडका बघा जावा, आख्ख्या गावात त्यो एकटा हिरवा हाय.

परवा दोघं लेकीकडं साताऱ्याला गेली. जाताना घोंगडी माज्याकडं ठेवून गेली. म्हनली, आबा, रोज पिळा, इसरू नगा.

साईराज, तू मगाधरनं चुळबूळ का करतुयास रं?

पप्पू, माज्या बाजूच्या तांब्याकडं बगू नगंस. त्यो कोरडा हाय, पालथा करून बग. अंकिता मघापासनं माज्या हाताकडं बघत बसलीया, तिला इचार.

उठ साईराज. बुडाखालच्या घोंगडीला हात लाव.

...

वल्या जागा किती हायत्या?